पाण्यामागून बागा : पुणे आणि परिसरातील उद्यानांची एक फेरी

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो; परतीच्या पावसाच्या काही सरी आणि एप्रिल-मेमधले वळीव सोडले, तर उरलेले आठ महिने जमीन कोरडीच राहते. अशा हवामानात बाग आपोआप होत नाही. कोणीतरी कोठून तरी पाणी आणलेले असते, ते उताराने, मोटेने, कालव्याने किंवा टँकरने झाडांच्या आळ्यापर्यंत पोहोचवलेले असते, आणि ते पाणी ज्या दिवशी तुटते त्या दिवसापासून बागेची नुसती जागा उरते. म्हणून पुण्यातील बागा पाहत हिंडणाऱ्याने झाडांवरच्या पाट्या वाचण्याआधी बागेला पाणी कोठून आले हे विचारावे. त्या एका प्रश्नाने बागेचे वय, ती कोणी केली आणि कोणासाठी केली, हे बरेचसे उलगडते.

मराठीत ‘बाग’ आणि ‘उद्यान’ हे शब्द हल्ली एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांची वळणे वेगळी आहेत. बाग म्हणजे मुळात उत्पन्न देणारी लागवड : नारळी-पोफळीची बाग, द्राक्षबाग, डाळिंबाची बाग. उद्यान हा संस्कृतातला भारदस्त शब्द, तो पुढे महापालिकेच्या फलकांवर स्थिरावला आणि त्याच्याबरोबर फिरायचा रस्ता, बाकडी, घसरगुंडी आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी आली. पेशवाईतल्या पुण्याला मात्र बागाच ठाऊक होत्या, आणि त्यांची नावे शहराने झाडे गेल्यावरही सोडलेली नाहीत. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, नातूबाग, मोतीबाग, हिराबाग, माणिकबाग ही नावे आज रिक्षावाल्याला सांगितली, तर तो बरोबर जागी नेऊन सोडतो. पण तेथे उतरणाऱ्याला भांड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, देऊळ, शाळा, गल्ल्या आणि चौक भेटतात. तुळशीबागेतले राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनी बांधले आणि त्यावरून त्यांचे घराणेच तुळशीबागवाले म्हणून ओळखले जाऊ लागले. बेलबागेतले विष्णुमंदिर नाना फडणवीसांचे. तुळस आणि बेल ही रोजच्या पूजेची गरज होती, तेव्हा या नावांमागे हौसेपेक्षा व्यवहार अधिक असावा.

हा व्यवहार चालायला पाणी लागे, आणि मुठेचे पात्र पेठांपेक्षा खाली असल्यामुळे नदीचे पाणी वर चढवणे कष्टाचे होते. त्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणण्यात आला. हा नळ कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या जोरावर चाले. वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते; उच्छ्वास म्हणजे नळातली कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब बाहेर जाऊ देणारे उभे बांधकाम. पेठांमधल्या हौदांतून लोक पाणी भरत, आणि याच पाण्याच्या दाबावर शनिवारवाड्यातले हजारी कारंजे उडे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराच्या या कारंज्याला प्रत्यक्षात १९७ तोट्या. तरी त्याला हजारी म्हणताना कोणाला काही वावगे वाटले नाही. बंद कारंजे बघून पर्यटक पुढे सरकतो, परंतु आठ-दहा किलोमीटरवरचे पाणी पंपाशिवाय आणून वाड्याच्या अंगणात उडवणे ही त्या काळच्या बागकामातली सर्वांत अवघड गोष्ट होती, आणि तिचा महत्त्वाचा भाग जमिनीखाली असल्यामुळे ती दिसत नाही.

सारसबाग ही त्याच पाण्याच्या राज्यातली. पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी तलाव केला आणि त्याच्या मध्यभागी एक बेट राखले. त्या बेटावरच्या बागेला सारस हे नाव मिळाले. पुढे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ मध्ये, तेथे सिद्धिविनायकाचे देऊळ झाले. विसाव्या शतकात तलाव आटवून त्या खळग्यात उद्यान केले गेले, पण भोवती तो तलाव नसतानाही लोक अजून ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात, आणि थंडीच्या दिवसांत त्याला लोकरीचा स्वेटर आणि टोपी घातली जाते तेव्हा तेवढ्यासाठी मुद्दाम दर्शनाला येणारे लोकही असतात. देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून खाली पाहिले, की बागेचा बशीसारखा आकार लक्षात येतो; आपण हिरवळीवरून चालत आलो ती तलावाची तळजमीन होती, हे तेथे कळते. आंबिल ओढा मात्र आपली वाट विसरलेला नाही : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या पावसात त्याने काठच्या वस्त्यांत जो हाहाकार केला, त्यानंतर ओढ्यांच्या जुन्या वाटांचा विषय पुण्यात पुन्हा ऐरणीवर आला.

सारसबागेतल्या हिरवळीविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. गणपतीला वाहायच्या दूर्वा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हरळीच. शेतकरी जी तण म्हणून खणून काढतो आणि तरीही जी पुन्हा उगवते, तीच देवळाबाहेर एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून विकली जाते. हरळी उन्हात वाळते आणि पहिल्या पावसाला फुटते, म्हणजे या मुलखाच्या हवामानाला ती सरावलेली आहे. उलट नव्या उद्यानांत गुंडाळीने आणून अंथरला जाणारा मऊ गवताचा गालिचा उन्हाळाभर रोज पाणी पितो आणि त्यावर चालायलाही बंदी असते. कोरड्या प्रदेशातल्या सार्वजनिक बागेत हा गालिचा म्हणजे उधळपट्टी आहे, असे म्हणावेच लागते. सारसबागेलगतच्या पेशवे उद्यानातले प्राणिसंग्रहालय कात्रजला हलले, तरी तेथे धावणारी ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी पुणेकरांच्या तीन पिढ्यांच्या बालपणात ठाण मांडून बसली आहे.

इंग्रजी अमलात बागेचा अर्थ बदलला. झाडे गोळा करणे, त्यांची शास्त्रीय नावे लावणे, परदेशातील झाड येथे जगते का हे तपासणे आणि जगलेच तर त्याचा उपयोग शोधणे हे बागेचे काम झाले. मुंबईच्या गव्हर्नरासाठी गणेशखिंडीत बांधलेल्या प्रासादाजवळ १८७३ मध्ये जे वनस्पती उद्यान सुरू झाले, ते याच विचाराचे अपत्य. जॉर्ज मार्शल वुड्रो हे त्याचे अधीक्षक. हिंदुस्थानातील बागकामावरचे त्यांचे पुस्तक पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. आज हे उद्यान राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र म्हणून चालते, त्यामुळे तेथे कारंजी आणि फुलांचे ताटवे शोधणाऱ्याची निराशा होईल. पण सुमारे ३३ हेक्टरांवरची जुनी आमराई आणि तिच्याभोवती वाढलेले रान पाहिले, की शहराच्या मध्यावर ही जागा टिकली कशी याचे नवल वाटते. २०२० मध्ये राज्य शासनाने तिला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित केले. जैवविविधता कायदा २००२ मधील ही तरतूद आहे. दुर्मीळ किंवा जुन्या जीवसंपदेची जागा राष्ट्रीय उद्यानाएवढी मोठी नसली, तरी तिचे स्वतंत्रपणे जतन करता यावे, हा तिचा उद्देश.

रस्त्याच्या पलीकडे तो गव्हर्नरांचा प्रासाद आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि तिच्याभोवतीचा ४११ एकरांचा परिसर हीच एक मोठी बाग आहे. येथे पाहण्याजोगे एक झाड म्हणजे गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेला हा वृक्ष एरवी ओबडधोबड वाटतो, परंतु त्याच्याजवळ जाऊन खोडावर तळहात ठेवला, तर साल हत्तीच्या कातड्यासारखी सुरकुतलेली आणि तरी गुळगुळीत लागते, आणि खोडाचा घेर पाहताना हे झाड नव्हे, एखादा रांजण आहे असे वाटते. ती उपमा शास्त्रालाही धरून आहे : गोरखचिंच पावसाळ्यात खोडाच्या मऊ, सच्छिद्र लाकडात पाणी साठवून घेते आणि कोरड्या महिन्यांत पाने गाळून त्या साठ्यावर तग धरते. पुण्यात पाण्याची सोय स्वतःच करून आलेले असे दुसरे झाड सहसा सापडत नाही. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, नीलमोहरही तिकडचाच. पुण्याचे म्हणून जे रस्ते ओळखले जातात, त्यांची सावली बरीचशी परकी आहे. शहरातील झाडांची ओळख करून घ्यायची असल्यास श्रीकांत इंगळहळीकर आणि शर्वरी बर्वे यांचे पुण्यातील वृक्षांवरचे सचित्र पुस्तक हाताशी असावे.

रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनचे मूळ नाव ‘सोल्जर्स गार्डन’, म्हणजे लष्कराच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या विरंगुळ्याची जागा. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही १ जानेवारी १८७७ रोजी फिरली आणि त्या पदवीवरून बागेला आजचे नाव मिळाले. ३९ एकरांची ही बाग महापालिका चालवत नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था तिची व्यवस्था पाहते, आणि सार्वजनिक व खासगी यांच्या मधली ही स्थिती बागेच्या रूपातही उतरलेली दिसते. एका बाजूला सहलीला आलेल्या शाळांचे डबे उघडत असतात, दुसऱ्या बाजूला रोपवाटिकेत गिऱ्हाईक कुंडीचा भाव करत असते, आणि मध्ये अशी झाडी आहे की दुपारीही खाली ऊन पोहोचत नाही. मांडीएवढ्या जाडीचे वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले आहेत. मुले त्यांवर झोके घेतात. ही दाटी कोकणात शोभावी अशी, ती पुण्याच्या कोरड्या पूर्वभागात टिकली याचे कारण बागेलगत वाहणारा कालवा. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात बांधले गेले आणि त्यापासून निघालेला मुठा उजवा कालवा शहराच्या दक्षिण कडेने हडपसरच्या दिशेने गेला. त्याच्या ओलाव्यावर शेते पिकली, वस्त्या वाढल्या आणि ही बागही. जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, येथे फुलांचे प्रदर्शन भरते आणि घरगुती बागवाले वर्षभर जपलेल्या कुंड्या घेऊन येतात. शहरातल्या खासगी बागा इतरांना एकत्र पाहायला मिळण्याचा हा एक जुना मार्ग आहे.

नदीकाठच्या बंडगार्डनने आपले नाव थेट बंधाऱ्यावरूनच घेतले. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर झालेला तो बंधारा आणि काठची बाग, जिला आता महात्मा गांधी उद्यान म्हणतात, ही एकेकाळी संध्याकाळी हवा खायला जाण्याची जागा होती. नदीच्या पाण्याची आजची अवस्था पाहता तेथे फार वेळ रेंगाळावेसे वाटत नाही.

त्याच मुठा कालव्याचे पाणी सिंहगड रस्त्यावर वेगळ्या रूपात भेटते. जपानमधील ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेले आणि २००६ मध्ये पूर्ण झालेले पु. ल. देशपांडे उद्यान सुमारे १० एकरांवर आहे, आणि त्याचा नमुना ओकायामा येथील कोराकुएन हा आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये सुरू करून १७०० मध्ये पुरी केलेली ती बाग जपानमधील तीन सर्वश्रेष्ठ बागांमध्ये गणली जाते. अशा बागेला फिरत पाहायची बाग म्हणता येईल : ती एका जागी उभे राहून संपूर्ण दिसत नाही, वाट वळते तसे एकेक दृश्य उघडते आणि मागचे झाकले जाते. मुघल बागेत याच्या नेमके उलट घडते. तेथे सरळ रेषा, चार समान भाग आणि मध्यातून जाणारा पाट असतो आणि प्रवेशद्वारातच तिची सारी मांडणी लक्षात येते. पुण्यात पु. ल. उद्यानालगतच मुघल शैलीची बागही करण्यात आली असल्यामुळे दोन्ही विचार एका सकाळी शेजारी-शेजारी पाहता येतात, आणि हा योग दुर्मीळ आहे.

जपानी भागात लक्ष द्यावे ते पाण्याच्या वाटेकडे. कालव्यातून घेतलेले पाणी वरच्या अंगाला सोडलेले आहे. ते गोट्यांवरून, पायऱ्या-पायऱ्यांनी, कोठे खळखळत तर कोठे न कळत खालच्या तळ्यात येते. ओहोळात ठेवलेला प्रत्येक दगड पाण्याने आणून टाकल्यासारखा दिसतो, आणि तसा दिसावा म्हणून तो विचारपूर्वक ठेवलेला असतो. ओहोळावरच्या लहान पुलावर क्षणभर थांबले, तर पाण्याचा आवाज डाव्या कानाला आणि उजव्या कानाला वेगळा ऐकू येतो; एका बाजूला उतार जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मात्र ज्या कालव्यावर ही सारी शांतता अवलंबून आहे, तोच कालवा २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच परिसरात, जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या बाजूची घरे पाण्याखाली गेली. पु. ल. देशपांडे यांचे नाव असलेल्या बागेत मोठ्याने हसायला मनाई नसली, तरी गवतावर बसायला मनाई आहे, याची गंमत त्यांनी नक्की केली असती.

ओढ्याचे पाणी बागेसाठी वापरण्याचा आणखी एक प्रयोग कोरेगाव पार्कमध्ये दिसतो. ओशो आश्रमाच्या पुढाकाराने तेथील नाल्याकाठच्या ओसाड पट्ट्यावर सुमारे १२ एकरांची बाग झाली. तिला आजही अनेक जण ‘नाला पार्क’ असेच म्हणतात. शहराच्या इतर भागांत महापालिकेची लहानमोठी उद्याने विखुरलेली आहेत. त्यांतली बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद, हे बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

शहराबाहेर पडल्यावर बागेचा मूळ अर्थ, म्हणजे उत्पन्न, पुन्हा समोर येतो. तळेगाव आणि मावळ भागात हरितगृहे पसरलेली आहेत; हरितगृह म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक कापडाचा मोठा मांडव, ज्यात तापमान, ओलावा आणि खत यांवर ताबा ठेवता येतो. तेथील गुलाब फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हॅलेंटाइन दिवसासाठी परदेशी जातात, आणि कळी त्या तारखेला नेमकी हाती यावी म्हणून झाडांची छाटणी डिसेंबरातच केली जाते. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या दिशेला गेल्यास रोपवाटिकांची रांग लागते. मोठी झाडे मुळांभोवती मातीचा गोळा ठेवून, गोणपाटात गुंडाळून उभी केलेली असतात, ती ट्रकमध्ये आडवी होऊन दूरदूरच्या नव्या वसाहतींकडे निघतात. लहान रोपे काळ्या पिशव्यांतून पुण्यातल्याच घरांकडे.

ती घरे म्हणजेच खासगी बागा, आणि त्या पाहायला मिळणे अवघड. इंग्लंडमध्ये १९२७ पासून ‘नॅशनल गार्डन स्कीम’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात सामील झालेले घरमालक वर्षातले ठरावीक दिवस आपली बाग लोकांना खुली करतात आणि प्रवेशशुल्क धर्मादाय कामाला जाते. पहिल्या वर्षी अशा ६०९ बागा उघडल्या होत्या आणि प्रवेश माणशी एक शिलिंग होता. पुण्यात असे दार एखाद्या बागप्रेमी मंडळाच्या सहलीपुरते किंवा ओळखीनेच उघडते, आणि ते उघडल्यावर चहा झाल्याशिवाय बंद होत नाही.

वाड्यांच्या काळात घरची बाग म्हणजे परसबाग, म्हणजे मागच्या अंगणातली. तिचे केंद्र विहीर नव्हे, तर मोरी होती. भांडी घासलेले, तांदूळ धुतलेले, आंघोळीचे पाणी मोरीतून बाहेर पडे तेथे अळूचे बन माजे, त्यापुढे केळ आणि कर्दळ. पाणी तेवढ्यात मुरे आणि डासही कमी होत. ताजे अळू तोडले की देठातून निघणारा चीक बोटांना खाजवतो, म्हणून बायका हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावून पाने चिरत; श्रावणात त्याच पानांच्या वड्या आणि फदफदे होई. पुढच्या बाजूला तुळशीवृंदावन, प्राजक्त, तगर आणि जास्वंद, म्हणजे पुन्हा पूजेची सोय. वाडे पाडून इमारती झाल्या तेव्हा मोरीचे पाणी नळातून गटारात गेले आणि परसबाग आपोआप संपली. बुधवार पेठेसारख्या गजबजाटात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. हेमा साने आयुष्यभर विजेशिवाय झाडापक्ष्यांच्या सोबतीने राहिल्या, तो या जुन्या राहणीचा एकमेव नसला तरी सर्वांत ठळक नमुना होता. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, डेक्कन जिमखाना येथल्या बंगल्यांच्या बागांचीही आता तीच वाट आहे. पुनर्विकासात कुंपणालगतचे आंबे आणि सोनचाफे तेवढे उरतात, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे.

जमीन गेल्यावर बाग गच्चीवर चढली. येथे पाण्याच्या हिशेबाला वजनाचा हिशेब जोडावा लागतो. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या गच्चीच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो, आणि एक फूट जाडीची भिजलेली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोंच्या आसपास भरते. म्हणून जाणकार गच्चीवर माती जवळजवळ वापरतच नाहीत. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि घरातला ओला कचरा यांवर भाजीपाला आणि फळझाडे वाढवण्याची रीत रुजवली, तिचा पुण्यातल्या गच्च्यांवर मोठा प्रभाव आहे. पाला हलका असतो, पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू कुजून खत होतो. पानगळीच्या दिवसांत ज्यांच्याकडे पाला जास्त आहे, त्यांनी तो न जाळता पोत्यांत भरून मागणाऱ्याला द्यावा, अशी देवाणघेवाणही शहरात रुजली आहे. फेब्रुवारीत एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी बांधून ठेवलेली पोती दिसली, तर ती कचऱ्याची नसून कोणाच्या तरी वांग्या-टोमॅटोंची पुढच्या वर्षाची तजवीज असते.

अशा गच्चीवर मे महिन्यात गेल्यास कुंड्यांच्या काठांवर पांढरा थर जमलेला दिसतो. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून जे पाणी टाकाऊ म्हणून बाहेर येते, त्यात क्षार जास्त असतात. टंचाईच्या दिवसांत बागवाले तेच बादलीत धरून झाडांना घालतात आणि क्षार पांढरे होऊन मातीवर उमटतात. अनुभवी माणूस त्यात निम्मे साधे पाणी मिसळतो आणि नाजूक रोपांसाठी वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी वेगळे धरतो, कारण ते हवेतल्या बाष्पाचे, म्हणजे जवळजवळ पावसाच्याच पाण्यासारखे असते. पुष्कळ घरांत त्या नळीखाली एक रुंद तोंडाची कुंडी ठेवलेली असते आणि तिच्यात अळू लावलेले असते.